आयनिक संयुगांची नावे व सूत्रे : वर्गात कशी शिकवावीत?
(इयत्ता आठवी, सामान्य विज्ञान)

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या, कामवारी नदीला लाल पाणी आले, की भिवंडी तालुक्यातील गावोगावच्या विहिरी गढूळ होतात. मग ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पांढऱ्या भुकटीची पिशवी घेऊन विहिरीवर येतो, बादलीत भुकटी कालवतो व वरचे निवळ पाणी विहिरीत सोडतो. गावात तिला सर्वजण 'टी.सी.एल.' म्हणतात. मुले हे दृश्य लहानपणापासून पाहतात. परंतु ही तीन अक्षरे कशाची, हे त्यांना क्वचितच कोणी सांगितलेले असते. ती अक्षरे 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम' या इंग्रजी नावाची होत. मराठीत त्याचा अर्थ, उष्ण प्रदेशात टिकावे अशा रीतीने तयार केलेले 'चुन्याचे क्लोराइड'.

आता आठवीच्या विद्यार्थ्याला या नावावरून सूत्र लिहावयास सांगितले, तर चुन्यातील धातू कॅल्शिअम व पुढे क्लोराइड, असा विचार करून तो कॅल्शिअम क्लोराइडचे सूत्र लिहील. नियमाच्या दृष्टीने त्याचे चुकले, असे म्हणता येणार नाही. तथापि कॅल्शिअम क्लोराइड विहिरीत टाकल्याने पाणी निर्जंतुक होत नाही. विहिरीतील रोगजंतू ज्या घटकाने मरतात, त्याचे नाव हायपोक्लोराइट असे आहे. जुन्या व्यापारी नावात तो घटक लपून राहिला आहे. दोन नावांतील फरक केवळ एका उपसर्गाचा व एका प्रत्ययाचा. परंतु गावाच्या आरोग्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

रासायनिक नावे व सूत्रे हा पाठ पुष्कळदा पाठांतराचा विषय होऊन बसतो. विद्यार्थी वीसपंचवीस सूत्रे घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. हा पाठ नीट शिकविल्यास पाठांतराचा भार पुष्कळच कमी होतो व पिशवीवरचे नाव वाचून वस्तू ओळखण्याची शक्ती विद्यार्थ्याच्या अंगी येते. त्या दृष्टीने पाठाची मांडणी येथे दिली आहे.

(सूचना : छपाईच्या सोयीसाठी या लेखात मूलद्रव्यांची चिन्हे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. शिक्षकांनी फळ्यावर पाठ्यपुस्तकातील रोमन चिन्हेच लिहावीत आणि सूत्रातील अंक चिन्हाच्या उजवीकडे, किंचित खाली, लहान आकारात लिहावा.)

१. पूर्वतयारी

पाठाचा प्रारंभ मुलांच्या घरातील वस्तूंपासून करावा. मीठ, चुना, तुरटी, कल्हईवाल्याजवळचा नवसागर, शेतकऱ्याजवळचा मोरचूद, ही नावे मुलांना ठाऊक असतात किंवा ती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून येऊ शकतात. ही नावे फळ्यावर लिहून घ्यावीत आणि विचारावे : या नावांवरून त्या वस्तूत काय आहे, हे कळते काय?

नंतर 'सोडा' हा शब्द घ्यावा. भजी हलकी व्हावीत म्हणून आई पिठात चिमूटभर घालते तो सोडा. कपडे धुण्यासाठी वापरतात तोही सोडा. आणि कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत वापरतात तो कॉस्टिक सोडा, हाही सोडाच. पहिला पोटात जातो. तिसरा अंगावर पडल्यास कातडी भाजून निघते. भिवंडीसारख्या कापडाच्या गावी यांपैकी कोणताही सोडा मुलांच्या हाती पडणे अशक्य नाही. बाजारातील नाव एक, वस्तू तीन. रसायनशास्त्राची नावे मात्र वेगवेगळी आहेत : सोडिअम बायकार्बोनेट, सोडिअम कार्बोनेट व सोडिअम हायड्रॉक्साइड. शास्त्रीय नावाची गरज का पडली, हे येथे मुलांना आपोआप पटते. हेतुकथनासाठी यापेक्षा अधिक काही सांगावे लागत नाही.

२. प्रभारांचा जमाखर्च

मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड. सोडिअमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो व धनप्रभारित होतो. क्लोरीनचा अणू तो इलेक्ट्रॉन घेतो व ऋणप्रभारित होतो. अशा प्रभारित कणांना आयन म्हणतात. विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने आयन एकत्र येतात व आयनिक संयुग बनते. संयुगावर मात्र एकंदर प्रभार शून्य असतो. दुकानदाराच्या वहीत जमा व खर्च यांचा मेळ बसावा लागतो, त्याप्रमाणे येथेही धन बाजू व ऋण बाजू यांचा मेळ बसलाच पाहिजे. सूत्रातील अंक म्हणजे हा मेळ बसविण्यासाठी कोणते आयन किती लागले, याची नोंद होय.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिठाच्या स्फटिकात एक सोडिअम व एक क्लोरीन यांच्या सुट्या जोड्या नसतात. असंख्य आयन एकमेकांभोवती रचलेले असतात. म्हणून 'एनए-सीएल' हे सूत्र जोडीचे चित्र नव्हे. दोन्ही आयनांचे प्रमाण एकास एक आहे, एवढेच ते सांगते.

३. पुठ्ठ्याच्या पट्ट्या

तिरकस गुणाकाराची युक्ती प्रथम सांगू नये. ती सोपी असली तरी तिच्यामागील कारण मुलांना दिसत नाही. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कराव्यात. सुताच्या खोक्यांचा जुना पुठ्ठा या कामास उत्तम. नियम एकच ठेवावा : एका प्रभारास दोन बोटे लांबी. म्हणजे सोडिअम, पोटॅशिअम व क्लोराइड यांची पट्टी दोन बोटांची. कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ऑक्साइड व सल्फेट यांची चार बोटांची. ॲल्युमिनिअमची सहा बोटांची. धन आयनांच्या पट्ट्यांना एक रंग व ऋण आयनांच्या पट्ट्यांना दुसरा रंग द्यावा.

आता कॅल्शिअमची पट्टी मांडून तिच्याखाली क्लोराइडच्या पट्ट्या ठेवण्यास सांगावे. एक पट्टी अपुरी पडते, दोन बरोबर बसतात. म्हणून सूत्र 'सीए-सीएल२'. मॅग्नेशिअमखाली ऑक्साइडची एकच पट्टी पुरते. म्हणून 'एमजी-ओ'. ॲल्युमिनिअम व सल्फेट यांची जोडी मुद्दाम शेवटी द्यावी. सहा बोटांखाली चार बोटांची पट्टी ठेवली तर दोन बोटे उरतात. दुसरी ठेवली तर दोन बोटे बाहेर जातात. मुले थोडी घोटाळतात, पट्ट्या वाढवीत जातात आणि अखेरीस बारा बोटांवर दोन्ही रांगा सारख्या होतात : ॲल्युमिनिअमच्या दोन, सल्फेटच्या तीन. सूत्र 'एएल२-(एस-ओ४)३'. अंकगणितातील लघुतम साधारण विभाज्य येथे त्यांच्या हाताखाली तयार झालेला असतो. यानंतर तिरकस गुणाकाराची युक्ती सांगण्यास हरकत नाही. आता ती त्यांना मंत्र न वाटता सोय वाटेल.

४. मूलकांचा समूह व कंस

सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड यांत अनेक अणू एकत्र बांधलेले असतात व त्या संपूर्ण समूहावर मिळून प्रभार असतो. त्यांस संयुक्त मूलके म्हणतात. धनप्रभारित समूहाचे नेहमीच्या पाहण्यातील उदाहरण म्हणजे अमोनिअम. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड, 'एन-एच४-सीएल'.

समूह एकापेक्षा अधिक वेळा घ्यावयाचा असेल तरच कंस घालावा. विरलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. कॅल्शिअमचे दोन धन प्रभार, हायड्रॉक्साइडचा एक ऋण. म्हणून हायड्रॉक्साइड दोन व सूत्र 'सीए-(ओ-एच)२'. कंस वगळल्यास दोनचा अंक केवळ हायड्रोजनला लागतो व ऑक्सिजन एकच उरतो. कंस हा समूहाभोवतीची दोरी आहे, असे सांगितल्यास मुले विसरत नाहीत.

५. नावाचा शेवट

नाव देताना धन आयन प्रथम व ऋण आयन नंतर. नावात अंक सांगावयाचा नसतो. 'कॅल्शिअम डायक्लोराइड' म्हणण्याचे कारण नाही, कारण कॅल्शिअमचे प्रभार दोन आहेत हे ठाऊक असले की क्लोराइड दोन लागणार हे ठरलेलेच आहे. नावाचे खरे रहस्य ऋण आयनाच्या शेवटात आहे. ते असे :

'आइड' : बहुधा एकटे मूलद्रव्य. क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, आयोडाइड. (हायड्रॉक्साइड हा नेहमीचा अपवाद.)
'एट' : त्या मूलद्रव्याबरोबर ऑक्सिजन. सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, क्लोरेट.
'आइट' : 'एट'पेक्षा कमी ऑक्सिजन. सल्फाइट, नायट्राइट, क्लोराइट.
'हायपो' आणि 'आइट' : त्याहूनही कमी. हायपोक्लोराइट.

क्लोरीनचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. पोटॅशिअम क्लोराइड, 'के-सीएल', जुलाब झालेल्या मुलाला द्यावयाच्या जलसंजीवनीच्या पुडीत असते. सोडिअम हायपोक्लोराइट, 'एनए-ओ-सीएल', जंतू मारते व कापडाचा रंग घालविते. पोटॅशिअम क्लोरेट, 'के-सीएल-ओ३', आगकाडीच्या गुलात असते. तिन्ही ऋण आयनांचा प्रभार एकच. त्यामुळे जमाखर्च तिन्हींत सारखाच बसतो. केवळ नावाचा शेवट बदलला आणि औषध, जंतुनाशक व ज्वालाग्राही गूल असे तीन वेगळे पदार्थ झाले.

भातशेतीच्या मुलखात आणखी एक जोडी सांगावी. फॉस्फेट खतात असते व आपल्या हाडांतही असते. झिंक फॉस्फाइड मात्र उंदीर मारण्याचे जहाल विष आहे. 'एट' व 'आइड' यांतील फरक वाचता येणारे मूल घरात असणे, हे त्या घराचे एक संरक्षणच होय.

उलट उदाहरण स्वयंपाकघरातील आहे. खाण्यासाठी विकले जाणारे मीठ आयोडीनयुक्तच असावे, असा नियम देशभर १७ मे २००६ पासून लागू झाला. हे आयोडीन आपल्याकडे पोटॅशिअम आयोडेटच्या, म्हणजे 'के-आय-ओ३'च्या रूपात मिसळतात. पोटॅशिअम आयोडाइडही चालू शकते व काही देशांत तेच वापरतात. परंतु दमट हवेत व ओलसर मिठात आयोडाइडमधील आयोडीन हळूहळू उडून जाते. आयोडेट अधिक टिकते. कोकणातल्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, हे ज्या मुलांनी पाहिले आहे, त्यांना 'एट' का निवडला, हे सांगावेच लागणार नाही.

६. एका धातूचे दोन प्रभार

लोहाचा आयन दोन धन प्रभारांचा असतो किंवा तीन. पहिल्यास फेरस व दुसऱ्यास फेरिक अशी जुनी नावे आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचविलेल्या पद्धतीप्रमाणे धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहून प्रभार दाखवितात : आयर्न (दोन) सल्फेट, आयर्न (तीन) सल्फेट. पहिल्याचे सूत्र 'एफई-एस-ओ४', दुसऱ्याचे 'एफई२-(एस-ओ४)३'. हा अंक आयनावरील प्रभाराचा असतो, आयनांच्या संख्येचा नव्हे, हे स्पष्ट करावे.

रक्तक्षय टाळण्यासाठी शाळांतून दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांत बहुधा फेरस सल्फेट असते, कारण फेरस रूपातील लोह शरीर अधिक सहजपणे शोषून घेते. बाजारातील हिराकस हेही फेरस सल्फेटच; परंतु ते खाण्यासाठी शुद्ध केलेले नसते. नाव एक असले तरी औषध म्हणून तयार केलेली वस्तू वेगळी, हा इशारा मुलांना अवश्य द्यावा.

७. नावांची घडण

ही पद्धत कोणी एका दिवसात ठरविली नाही. १७८७ मध्ये फ्रान्समधील गितों द मॉर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले व फुर्क्रॉय या चौघांनी रासायनिक नावांची नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी आपल्या हिराकस, मोरचूद यांसारखीच नावे तेथेही चालत. अक्षरांची चिन्हे पुढे स्वीडनच्या बर्झीलियस यांनी रूढ केली. चौघांपैकी बर्थोले यांचे नाव कापडाच्या गावाला विशेष जवळचे वाटावे, कारण क्लोरीनने कापड पांढरे करता येते, हे दाखवून देणारे तेच. पोटॅशिअम क्लोरेटही त्यांनीच प्रथम तयार केले. त्यापासून बंदुकीची दारू करण्याच्या प्रयत्नात १७८८ मध्ये एसोन येथे स्फोट होऊन माणसे दगावली. पुढे १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ब्लीचिंग पावडर तयार करण्याचे पेटंट घेतले. चुना व क्लोरीन यांपासून झालेले म्हणून तिला 'चुन्याचे क्लोराइड' म्हणू लागले, आणि तेच नाव आज टी.सी.एल. या अक्षरांतून गावच्या विहिरीवर येऊन पोहोचले आहे.

८. पुन्हा टी.सी.एल.

आता पाठाच्या आरंभीचा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे पुन्हा ठेवावा. पाठ्यपुस्तकांत ब्लीचिंग पावडरचे सूत्र 'सीए-ओ-सीएल२' असे देतात. पट्ट्या मांडून हे सूत्र उलगडता येते. कॅल्शिअमची चार बोटांची पट्टी घ्यावी. तिच्याखाली दोन बोटांची एक पट्टी क्लोराइडची व दोन बोटांची दुसरी हायपोक्लोराइटची ठेवावी. जमाखर्च बरोबर बसतो. एक कॅल्शिअम, दोन क्लोरीन व एक ऑक्सिजन ही मोजणीही सूत्राशी जुळते. प्रत्यक्षात बाजारातील भुकटी हे अनेक घटकांचे मिश्रण असते. परंतु जंतुनाशक भाग हायपोक्लोराइटचा, ही गोष्ट या मांडणीतून स्पष्ट होते.

चांगल्या ताज्या भुकटीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, तर दमट हवेत तो हळूहळू निघून जातो. भुकटी पांढरीच दिसते, वजनही भरते, परंतु तिची शक्ती गेलेली असते. जलसुरक्षकाने नेहमीच्या मापाने ती विहिरीत टाकली, तरी पाणी सुरक्षित होईलच असे नाही. म्हणूनच ओ.टी. चाचणीने पाण्यातील उरलेला क्लोरीन तपासावयाचा असतो; पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते. पिशवीचे तोंड घट्ट बांधून ती कोरड्या, सावलीच्या जागी का ठेवावयाची, याचे उत्तर आता विद्यार्थी स्वतः देऊ शकेल.

एक दक्षता मात्र अत्यावश्यक. ही भुकटी वर्गात आणून मुलांच्या हाती देऊ नये. शाळेचे स्वच्छतागृह धुताना भुकटी व आम्ल एकत्र येणार नाही, याची खबरदारी घ्यावी. त्यांच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

९. नेहमीच्या चुका

(अ) प्रमाण लहान न करणे : 'एमजी२-ओ२' असे लिहिले जाते. पट्ट्यांची सर्वांत आखूड जुळणी शोधण्यास सांगावे.
(आ) कंस विसरणे : समूह दोनदा आला की दोरी बांधलीच पाहिजे.
(इ) चिन्हातील लहान-मोठ्या अक्षरांचा घोटाळा : देवनागरीत लहान व मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे नसल्याने आपल्या मुलांकडून ही चूक सहज होते. कोबाल्टच्या चिन्हात दुसरे अक्षर लहान आहे. ते मोठे लिहिल्यास धातूऐवजी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो.
(ई) नावाचा शेवट अस्पष्ट उच्चारणे : शिक्षकांनी स्वतः 'आइड', 'आइट' व 'एट' स्वच्छ उच्चारावेत. मुलांच्या पुष्कळशा चुका कानातून वहीत उतरतात.

१०. उपयोजन व गृहपाठ

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील मीठ, जलसंजीवनी, खत यांच्या रिकाम्या, स्वच्छ वेष्टनांवरील पाच रासायनिक नावे उतरवून आणावीत. कीटकनाशके व विषारी औषधे यांच्या डब्यांना मुलांनी हात लावू नये. त्यांवरील नावे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी पट्ट्या मांडून त्यांतील सोप्या नावांची सूत्रे करावीत. सरावासाठी पुढील उदाहरणे उपयोगी पडतील :

चुनखडी, कॅल्शिअम कार्बोनेट : 'सीए-सी-ओ३'.
अमोनिअम सल्फेट खत : '(एन-एच४)२-एस-ओ४'. येथे कंस धन आयनास लागतो.
फेरिक क्लोराइड : 'एफई-सीएल३'.
झिंक फॉस्फाइड : झिंकचे प्रभार दोन, फॉस्फाइडचे तीन, म्हणून 'झेडएन३-पी२'.
ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड : 'एएल-(ओ-एच)३'. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली असता याचाच चिकट साका बनतो व तो मातीला घेऊन तळाशी बसतो.

हुशार विद्यार्थ्यांना एक प्रश्न अधिक द्यावा. जलसंजीवनीच्या पुडीवर सोडिअम सायट्रेट लिहिलेले असते व सायट्रेटचे ऋण प्रभार तीन असतात. तर एका सायट्रेटमागे सोडिअम किती? उत्तर तीन. म्हणूनच पुष्कळ पुड्यांवर 'ट्रायसोडिअम सायट्रेट' असे नाव आढळते.

अंकांचा मेळ पट्ट्या शिकवितील. नावाचा शेवट कान व डोळा यांनी शिकावा लागेल. या दोन गोष्टी साधल्या, की सूत्रांची यादी पाठ करून घेण्याचे कारण उरत नाही. पुढच्या पावसाळ्यात विहिरीवर पांढरी भुकटी आली असता, आठवीतील एखाद्या मुलाने जलसुरक्षकाला 'काका, ही पिशवी उघडी तर राहिली नव्हती ना?' असे विचारले, तर शिक्षकाने पाठ सफल झाला असे समजावे.